वेळेचं वेबिल

नगरला आमच्या चर्चची रविवारची उपासना सव्वाअकराला सुटते. मग आवारात सगळ्यांशी हात मिळवणं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाचं ऑपरेशन झालं याची चौकशी, असं सगळं उरकून पप्पा साडेअकराला मला फोन लावतात. बहरीनचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे. त्यामुळे त्यांचा फोन वाजतो तेव्हा इथे बरोबर नऊ वाजलेले असतात, आणि रविवारी नऊ वाजता मी ऑफिसात असतो.

भारतातल्या वाचकांना हे जरा विचित्र वाटेल. इथे २००६ पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची आहे. रविवार म्हणजे आपल्याकडचा सोमवारच. साहजिकच आम्हा ख्रिस्ती लोकांचा रविवार इथे शुक्रवारी येतो. लहानपणी रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून शब्बाथशाळेला जायची सवय लागलेल्या माणसाला रविवारी लॅपटॉपची बॅग खांद्यावर टाकून निघताना पहिलं वर्षभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग सवय होते. परदेशात सगळ्याचीच होते.

रविवारी नऊला आमच्या टीमची पंधरा मिनिटांची मीटिंग असायची. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच. ती मीच लावलेली, मीच चालवायचो. पप्पांचा फोन आला की मी कट करायचो आणि फोनमधला तयार मेसेज पाठवायचो, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करतो.’ कधी दुपारी करायचो, कधी रात्री. रात्री केला की आई सांगायची, ते झोपले.

मध्यंतरी काही कारणाने पप्पांबरोबरचे जुने मेसेज वर सरकवत गेलो. एकाखाली एक तोच मेसेज. मध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा, एखादा फोटो, पुन्हा तोच मेसेज. दोन वर्षांतल्या बहुतेक सगळ्या रविवारी मी माझ्या वडिलांना एकच वाक्य बोललो होतो आणि तेही मी टाइप केलेलं नव्हतं.

पप्पा एसटीत कंडक्टर होते. तारकपूर डेपो. आताच्या मुलांना कंडक्टर म्हटलं की हातातलं तिकिटाचं मशीन आठवतं. माझ्या लहानपणी पत्र्याच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे असायचे, हातात चिमटा आणि खांद्यावर चामड्याची बॅग. प्रत्येक टप्प्याला कोणत्या नंबरपर्यंत तिकिटं गेली ते वेबिलावर लिहायचं, आणि ड्यूटी संपली की डेपोत जाऊन वेबिल आणि रोकड जुळवून पैसे भरायचे. कितीही दमलेले असले तरी हे केल्याशिवाय घरी यायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं, “एवढे पैसे बॅगेत असतात, भीती नाही वाटत?”

ते म्हणाले, “पैसे माझे असते तर वाटली असती. बॅग माझ्या खांद्यावर, पण पैसे महामंडळाचे. मी फक्त हिशेब द्यायचा.”

पैसे कमी भरले तर खिशातून भरावे लागतात, हे मला कळायचं. पण जास्त भरले तर? मला वाटायचं, शाबासकी मिळत असेल. पप्पा हसायचे. “जास्त निघाले तर जास्त पंचाईत! विचारणारच ना, जास्त कुठून आले? म्हणजे कोणाचे तरी पैसे घेतलेस आणि त्याला तिकीट दिलं नाहीस.”

हे वाक्य मी तीसेक वर्षं एसटीतली गंमत म्हणून लक्षात ठेवलं होतं.

ख्रिस्ती घरांमध्ये ‘कारभारी’ हा शब्द मुलांच्या कानावर लवकर पडतो. गावाकडे नवऱ्याला कारभारी म्हणतात तो अर्थ नव्हे. पवित्र शास्त्रातला कारभारी म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा माणूस. आपल्याकडे जे आहे, पैसा, शेत, अंगातली कला, तब्येत, आयुष्याचे दिवस, त्याचे मालक आपण नाही. देणारा वेगळा आहे, आपल्याला ते सांभाळायला मिळालंय आणि एक दिवस हिशेब द्यायचाय. नगर जिल्ह्यातल्या चर्चमध्ये हे नुसत्या उपदेशात राहत नाही. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, बाजरी, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात, उपासना झाली की लिलाव होतो. पगारदार माणूस दशांश देतो, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. पप्पा निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं चर्चचे खजिनदार होते. माझा दशांश पोहोचला की त्याचीही रीतसर पावती फाडायचे. मुलगा म्हणून सूट नाही.

दशांशाच्या बाबतीत मी कधी चुकलो नाही. चुकणार कसा? बँकेला एकदा सूचना देऊन ठेवली आहे, दर महिन्याच्या एक तारखेला रक्कम आपोआप जाते. मला आठवणही ठेवावी लागत नाही. एकदा पावतीचा फोटो पाठवताना पप्पांनी खाली लिहिलं होतं, ‘पैशाचा दशांश मिळाला. वेळेचं वेबिल कधी भरतोस?’ मी हसण्याची इमोजी पाठवली.

कॉम्प्युटर इंजिनीअरला असा प्रश्न विचारला की तो आधी एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली, पण फार उशिरा. आठवड्याचे तास १६८. त्याचा दशांश १६ तास ४८ मिनिटं. इथल्या कायद्यानुसार आठवड्याला कामाचे तास जास्तीत जास्त ४८. रोज सात तास झोप धरली तर ४९. उरले ७१. फोनने सांगितलं, तुम्ही रोज सरासरी तीन तास चाळीस मिनिटं स्क्रीनकडे बघता. आठवड्याचे पंचवीस तासांहून जास्त झाले. म्हणजे दशांश देऊनही आठ-नऊ तास उरतील एवढा वेळ मी अंगठ्याने वर सरकवत होतो. ‘वेळच मिळत नाही’ हे माझं आवडतं वाक्य त्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात बसेना.

पण खरी गोष्ट फोनची नव्हती. फोन काय, एक ॲप उडवलं की झालं. वेळेच्या नियोजनाची पुस्तकं मी वाचली आहेत, पहाटे पाचचा गजरही लावून बघितलाय. त्या काळात मी आईला फोन करायलाही कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटांचा रकाना केला होता. एके दिवशी ती बोलता बोलता मध्येच थांबली आणि म्हणाली, “बाळा, झाली का रे तुझी पंधरा मिनिटं?” मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आयांना कळतं.

पप्पांनी तीन वर्षांपूर्वी नाताळात माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. त्यांना जुनी भजनं खूप पाठ आहेत. आमच्या नगरमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं बरंच आयुष्य गेलं, त्यांची भजनं मराठी मंडळ्यांमध्ये आजही गातात. ती पुस्तकात आहेतच. पण पप्पांना त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या चाली येतात, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनी रचलेली, कुठेच न छापलेली काही पदंही. “तुला वेळ झाला की माझ्याकडून एवढी रेकॉर्ड करून घे,” ते म्हणाले होते. मी म्हटलं, “नक्की. पुढच्या सुट्टीत चांगला माइक घेऊन येतो.” माइक मी खरंच घेतला. मनामातल्या माझ्या घरात तो खोक्यातच होता.

येशूने सांगितलेला एक दाखला बऱ्याच जणांना माहीत असेल. धनी परगावी जाताना तीन चाकरांकडे पैसे सोपवून जातो. दोघं ते व्यापारात घालून वाढवतात. तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो आणि धनी आल्यावर जसेच्या तसे परत करतो. लहानपणी मला त्या तिसऱ्याची दया यायची. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, धनी एवढा का चिडला? आता कळतं. त्याने पैसे वाया घालवले नाहीत, ज्यासाठी दिले होते त्यासाठी ते कधी वापरलेच नाहीत. मीही पप्पांचा वेळ उधळला नव्हता. ‘नंतर’ नावाच्या खड्ड्यात नीट पुरून ठेवला होता.

‘नंतर’ म्हटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. शाळेत असताना पप्पांनी मला केडगावचं मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतं. नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं केडगाव. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणायचं मनावर घेतलं, तेही कमी शिकलेल्या बायांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत. डोक्यावर शेकडो निराधार मुली-बायकांचा संसार, दुष्काळ, आजारपणं, आणि त्यातूनच वर्षानुवर्षं हे काम. खिळे जुळवायला आणि छपाई करायला आश्रमातल्या बायकाच शिकल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, आणि शेवटची प्रुफं तपासून झाल्यावरच त्यांनी डोळे मिटले, असं सांगतात. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिशनमध्ये हे सगळं ऐकताना मी कंटाळून बाहेरची चिंचेची झाडं बघत होतो. त्यांच्याकडेही दिवसाचे चोवीसच तास होते, हा विचार आत्ता, माझ्या रिकाम्या एक्सेल शीटसमोर बसल्यावर आला.

बहरीनमध्येही अशी माणसं होऊन गेली आहेत. मनामातलं अमेरिकन मिशन हॉस्पिटल इथल्या प्रत्येक भारतीयाला माहीत आहे. सॅम्युअल झ्वेमर नावाचे मिशनरी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला या बेटावर आले. हॉस्पिटलची पहिली इमारत १९०३ मध्ये उघडली. त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलैच्या उकाड्यात, झ्वेमर पती-पत्नीच्या दोन लहान मुली आठवड्याभरात गेल्या. मनामाच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं. हॉस्पिटल मात्र चालू राहिलं, आजही चालू आहे. आमच्या मुलीला पहिल्यांदा ताप भरला तेव्हा आम्ही रात्री तिथेच धावलो होतो. बाकावर बसून वाट बघताना मनात आलं, ज्यांनी हे उभं केलं त्यांना स्वतःच्या मुलींसाठी एवढा वेळही मिळाला नव्हता.

वेळ आपला नाही, हे बहरीनमध्ये मला सगळ्यात स्पष्टपणे शिकवलं ते मात्र माझ्या बहरीनी सहकाऱ्याने. मीटिंग रंगात आलेली असते, मोठा क्लायंट समोर असतो, आणि दुपारच्या नमाजाची वेळ झाली की तो शांतपणे “दहा मिनिटं” म्हणून उठतो. कोणी कपाळाला आठी घालत नाही. दहा मिनिटांनी तो येतो, काम पुढे सुरू होतं. रमजानमध्ये ऑफिसचे तास कमी होतात, तरी कंपनी बुडत नाही. मी मात्र माझ्या वडिलांसाठी दहा मिनिटं उठलो तर प्रोजेक्ट कोसळेल अशा थाटात वागत होतो.

शुक्रवारी चर्चमध्ये दुसरा धडा मिळतो. इथे एकाच आवारात वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या वेळ वाटून घेतात. एकांची उपासना संपते, खुर्च्या तशाच, दुसरे आत येतात. त्यात घरकाम करणाऱ्या बाया असतात, आंध्रच्या, श्रीलंकेच्या, फिलिपिन्सच्या. त्यातल्या कित्येकींना आठवड्यात मोकळे असे मोजकेच तास मिळतात. त्यातले दोन त्या उपासनेला देतात, आणि उरलेल्यात बाहेर भिंतीच्या सावलीला बसून घरी व्हिडिओ कॉल लावतात. फोनमध्ये एखादं पोर नाचून दाखवत असतं. या बायांना मी कधी ‘वेळ नाही’ म्हणताना ऐकलेलं नाही.

तर, गेल्या वर्षीची गोष्ट. वर्षअखेरीच्या आढाव्यात साहेबांनी माझं खूप कौतुक केलं. माझ्या नावावर टीममध्ये सगळ्यात जास्त तास होते. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी तो आकडा स्क्रीनवर दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्याच रविवारी नऊ वाजता मीटिंग सुरू झाली आणि पप्पांचा फोन आला नाही.

खरं सांगतो, पहिल्यांदा बरं वाटलं. आज कट करावा लागला नाही. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मग राहवेना म्हणून मीच केला. आईने उचलला. म्हणाली, “काही नाही रे, आज ते फोन करायचं विसरले.” थोडं थांबून म्हणाली, “गेल्या रविवारी चर्चमध्ये भजन म्हणायला उभे राहिले आणि दुसरं कडवं आठवेना. तसेच उभे. पाळकांनी सावरून घेतलं.” डॉक्टरांना दाखवलं होतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हणाले. तुला कामात कशाला त्रास, म्हणून मला सांगितलं नव्हतं.

ऑफिसच्या जिन्यात मी बराच वेळ बसून होतो. डोळ्यांसमोर तो टाळ्या मिळालेला आकडा, आणि कानात पप्पांचा आवाज. जास्त कुठून आले? कोणाचं तिकीट राहिलं?

आठवड्याचे तास माझ्यासाठी कोणी १६८ चे १८० करून दिले नव्हते. ऑफिसच्या रकान्यात जे जास्त दिसत होते ते कुठल्या तरी दुसऱ्या रकान्यातून उचललेले होते. पप्पांचे, आईचे, मुलीचे, बायकोचे. शुक्रवारी चर्चमध्ये बसून सर्व्हरचे अलर्ट बघितले, ते ज्याचे तास होते त्याचे. पैसे घेतले होते, तिकीट दिलं नव्हतं. मी बॅग भरलेली बघून खूश होतो, आणि वेबिल जुळतच नव्हतं.

त्याच दिवशी टीमला मेसेज टाकला, रविवारची मीटिंग यापुढे साडेनऊला. मनाशी कारणांची यादी तयार ठेवली होती. दोन मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले. कारण कोणीच विचारलं नाही. केरळचा सहकारी तर म्हणाला, बरं झालं, मुलाला शाळेत सोडून यायला धावपळ व्हायची. ज्या अर्ध्या तासासाठी मी दोन वर्षं वडिलांचा फोन कापला, तो एका ओळीच्या मेसेजवर मिळाला.

आता रविवारी नऊला मी ऑफिसच्या छोट्या खोलीत जातो, दार लावतो. आई फोन जोडून देते. पप्पा चर्चचा शर्ट घालून बसलेले असतात. मी फोन स्पीकरवर ठेवतो आणि समोर तो माइक, खोक्यातून काढलेला. एका वेळी एकच भजन. काही दिवस आवाज खणखणीत लागतो, काही दिवस पहिल्या ओळीतच अडतात. मग आई मागून शब्द पुरवते, तिलाही आठवत नसेल तर आम्ही तिघं तसेच थांबतो. त्या थांबण्याचा मला पूर्वी कंटाळा आला असता. आतापर्यंत तेवीस भजनं झाली. काहींची शेवटची कडवी गेली ती गेलीच. तीन वर्षांपूर्वी ती होती.

हे सांगताना मी सुधारलोय असा आव आणायचा नाही. फोनवर अजूनही वेळ जातो. रिलीजच्या आठवड्यात अजूनही घरी जेवायला उशीर होतो. पण कोणी ‘वेळेचा सदुपयोग’ म्हटलं की आता मला पहाटेचा गजर आठवत नाही. कंडक्टरची बॅग आठवते. किती भरली, हा प्रश्न नंतरचा. ज्याचं त्याला तिकीट मिळालं का, हा पहिला.

तुमच्यापैकी बरेच जण हे दुबईत, न्यू जर्सीत, सिंगापुरात सकाळच्या चहाबरोबर वाचत असाल. तुमचं साडेअकरा कुठल्या वेळेला येतं, एवढं एकदा बघा. फोन वाजत असेल तर लेख राहू दे.

गेल्या रविवारी भजन झाल्यावर पप्पांनी मला विचारलं, “ड्यूटी संपली का तुझी?” त्यांना मी नक्की कोण वाटलो, कळलं नाही. बहुधा डेपोतला कोणीतरी. मी म्हटलं, “नाही, अजून चालू आहे.”

“बरं,” ते म्हणाले. “घरी जायच्या आधी वेबिल जुळवून घे.”